जावईबापूंचा उतार

सिमेंट कंपनीच्या मदतकेंद्रात बसून रोज साठ-सत्तर लोकांना काँक्रीटविषयी सल्ला देणाऱ्या जावईबापूंनी स्वतःच्या हाताने घमेलंभर काँक्रीटही कधी कालवलं नव्हतं. ही गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. फक्त त्या रविवारी सकाळी ती कुणाला आठवली नाही.

फोनवर मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. काँक्रीट पाण्याखाली घट्ट होतं का, तडे का जातात, समुद्राची वाळू चालते का, सगळ्याची उत्तरं समोरच्या छापील कागदावर होती आणि आता ती पाठही झाली होती. आठ वर्षं रोज तीच उत्तरं दिल्यावर माणसाला आपण धरणंबिरणं बांधली आहेत असं वाटू लागतं.

घरात प्रश्न सासऱ्यांचा होता. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला हा माणूस गुडघ्याच्या ऑपरेशननंतर लेकीकडे येऊन राहिला होता आणि तीन आठवडे पलंग सोडायला तयार नव्हता. आता चालले नाहीत तर पाय कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सासूबाई रडून झाल्या, लेक रागावून झाली. सासरे म्हणायचे, खोलीत फिरायला मी काय पिंजऱ्यातला वाघ आहे? परसात मोकळी हवा आहे, पण मागच्या दाराची पायरी हातभर खाली. तिथे पडलो तर दुसराही गुडघा जायचा.

तेव्हा जावईबापूंनी ठरवलं, पायरीच्या जागी उतार करून टाकायचा. सासऱ्यांना विचारायचा प्रश्नच नव्हता. ते जावयाला पाठीमागे ‘कागदी गवंडी’ म्हणत आणि पुष्कळदा समोरही.

सकाळी नाश्ता होताच ते परसात उतरले आणि मागचं दार बाहेरून लोटून घेतलं. परस म्हणजे तिन्ही बाजूंना पुरुषभर भिंत आणि मध्ये अडीच हात रुंदीची पट्टी. सिमेंट, वाळू, खडी मोजून घेतली. पाणीही मोजलं होतं, पण फावडं जड चालू लागलं तसं अर्धी बादली आणखी ओतली. मग ते झकास ढवळलं गेलं. दारापासून सुरुवात करून, मागे मागे सरकत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत त्यांनी उतार ओतला, वरून थापी फिरवली आणि नळाशी उभे राहून कौतुकाने पाहिलं. उतार उंबऱ्याला अगदी बरोबर भिडला होता.

तेवढ्यात आतून बायकोने चहा घेऊन दार ढकललं. दार हललं नाही.

दार बाहेर उघडणारं होतं आणि त्याची खालची दोन बोटं काँक्रीटमध्ये गेली होती. दार कुठल्या बाजूला उघडतं, हे आठ वर्षांत एकाही ग्राहकाने विचारलं नव्हतं, त्यामुळे ते कागदावरही नव्हतं.

“तुम्ही आत कसे येणार?” बायकोने दाराशेजारच्या खिडकीतून विचारलं.

जावईबापूंनी हजारो लोकांना दिलेलं उत्तर तोंडातून आपोआप निघालं. “चोवीस तास त्यावर पाय ठेवायचा नाही.”

सासूबाईंनी कपडे वाळत घालायच्या काठीला थर्मास अडकवून खिडकीच्या गजांतून बाहेर सरकवला. तो जावईबापूंच्या हातात पडला खरा, पण काठी उतारावर आपटून तिथे एक लांबलचक चर पडला. लेकीच्याने राहवलं नाही. ती वडिलांच्या खोलीत गेली आणि सहज विचारल्यासारखं करत म्हणाली, “बाबा, काँक्रीटमध्ये पाणी जरा जास्त झालं तर चालतं का?”

“जरा म्हणजे किती?”

“ढवळायला अगदी सोपं गेलं म्हणे.”

पलंग करकरला. सासरे वॉकर ठोकत स्वयंपाकघर ओलांडून खिडकीशी आले आणि गजांतून बाहेर डोकावले. जावयाने नको तेवढ्या आदराने नमस्कार केला.

“जावईबापू,” ते शांतपणे म्हणाले, “पायांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधा आणि उतरा आत.”

“त्यात?”

“घट्ट झालं की छिन्नीच लागेल. अजून फावड्याने भागतंय.”

मग तासभर जावईबापू स्वतःच्याच कामात घोट्यापर्यंत रुतून दारापर्यंत गेले, दाराखालचा माल उपसून बादलीत भरला, त्यात कोरडी वाळू आणि सिमेंट मिसळून तो उताराच्या खालच्या टोकाला नेऊन लावला. सासरे खिडकीतून हुकूम सोडत होते. दार उघडलं तसे ते दारात आले, कमरेत वाकून जावयाच्या हातातली थापी काढून घेतली आणि चौकटीला धरून दाराजवळची वीतभर जागा स्वतः गुळगुळीत केली. सासूबाई काहीतरी बोलणार होत्या, पण लेकीने त्यांचा दंड दाबला. नवऱ्यालाही तिने डोळ्याने गप्प केलं. तीन आठवडे जे बाबापुता करून झालं नव्हतं, ते एका बिघडलेल्या कामाने केलं होतं आणि तिला हसू आवरत नव्हतं.

“उद्यापासून यावर पाणी मारायला लागेल, दिवसातून चार वेळा,” सासरे म्हणाले. “ते मी मारणार. तुमच्यातल्या कुणावर माझा भरवसा नाही. किती दिवस म्हणतो तुमचा कागद?”

कागद सात दिवस म्हणत होता. जावईबापूंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांची नजर सासऱ्यांच्या पायांकडे गेली. दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकलेले होते.

“एकवीस दिवस,” ते म्हणाले. आठ वर्षांत त्यांनी जाणूनबुजून दिलेलं हे पहिलं चुकीचं उत्तर होतं.

सासऱ्यांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. जावयाचे कान लाल झाले.

“तुमच्या कागदाला काय कळतंय,” सासरे म्हणाले. “दोन महिने लागतात.”

आणि बादली कुठे ठेवता हे बघायला ते आपल्या पायांनी न्हाणीघराकडे निघाले.