विसाजीपंतांची तिथी

"भाषणाचं तुझं तू बघ. मला फक्त तिथी हवी," मधुमती आत्याने पद्मनाभला तिसऱ्यांदा बजावलं.

ऐंशीव्या वर्षी पहिल्यांदाच विमानात बसून आत्या वाईहून भाच्याच्या सिंगापुरातल्या, बुकित बातोकच्या फ्लॅटवर आली होती, ती एवढ्याचसाठी. घराण्यातल्या विसाजीपंतांना कंपनी सरकारने १८४४ साली हद्दपार करून सिंगापूरला धाडलं, ते परतलेच नाहीत. कधी वारले ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे त्यांचं श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला, इतर सगळ्या पितरांच्या गर्दीत उरकलं जाई. माहेरीच राहिलेली आत्या साठ वर्षं त्यांचं पान वाढत होती. "एवढ्या लांबून येतात," म्हणून तिची आई त्या पानावर एक वडा जास्त वाढायची, तसाच तीही वाढायची. इतक्या दूर जाऊन मेलेल्या माणसाला स्वतःचा एक दिवससुद्धा असू नये, याचं तिला फार वाईट वाटे.

पद्मनाभला मात्र एक चांगला पूर्वज हवा होता. आयटीत मॅनेजर झाला, कॉन्डोसाठी नाव नोंदवलं, पण इतिहासाचं खातं रिकामंच. एकदा इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात तो बोलून गेला, "आमचे विसाजीपंत इंग्रजांविरुद्ध उठले, म्हणून इथे पाठवले." शेजारी मंडळाचे सेक्रेटरी निशिकांत होते. आठवड्याभरात पोस्टर फिरू लागलं: 'क्रांतिवीर विसाजीपंत. व्याख्याते: त्यांचे थेट वंशज पद्मनाभ.' पाठोपाठ निशिकांतांनी पोवाडाही रचला आणि तो म्हणायला पद्मनाभच्या अकरा वर्षांच्या लेकीला, जाईला उभं केलं.

"खजिना लुटला म्हणू, की शस्त्रागार?" त्यांनी फोनवर विचारलं.

"इथल्या दप्तरखान्यातून जुन्या कागदांची नक्कल मागवलीय. ती येऊ द्या की."

"कागद येईल तेव्हा येईल. चालीत शस्त्रागारच बसतं."

कागद आला तो कार्यक्रमाच्या दिवशीच, रविवारी सकाळी, ईमेलने. पद्मनाभ आत्याला मराठीत सांगत मोठ्याने वाचू लागला.

"विसाजी, वय तीस. गुन्हा..." तो थांबला.

"वाच की."

"बांधाच्या भांडणातून चुलतभावाची गवताची गंजी पेटवली. चौदा वर्षं हद्दपारी."

"बाबा, शस्त्रागार हाऊ? आय मेमराइज ऑलरेडी लाह!" जाई कळवळली. तिचा पोवाडा पाठही झाला होता.

"यात इंग्रज कुठे आले?" आत्याने विचारलं.

"शिक्षा देणारा इंग्रज होता," पद्मनाभ पडेल आवाजात म्हणाला. "फिर्यादी चुलतभाऊ चिमणाजी. साक्षीदारही तेच."

"चिमणाजी? अरे, ते तर आपले!"

"आपले म्हणजे?"

"आपण चिमणाजींच्या वंशातले. विसाजीपंतांना मूलबाळ नव्हतंच. तू कधी विचारलंस का?"

पद्मनाभने घाईघाईने निशिकांतांना फोन लावला. सगळं ऐकून ते ओरडले, "म्हणजे तुम्ही क्रांतिवीराचे नव्हे, गंजीचे वंशज! अहो, तोआ पायोहचा हॉल घेतलाय, शंभर माणसं येतायत. तिथे काय गवतावर बोलणार?"

तोवर आत्याने लॅपटॉपवरच्या पुढच्या पानावर बोट ठेवलं होतं. "हे काय लिहिलंय?"

तो विसाजीपंतांचा अर्ज होता, १८५८ सालचा. शिक्षा संपली, परत जायची मुभाही मिळाली. पण त्यांनी कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं: 'आमच्या मुलखातून आलेल्या नव्या कैद्याकडून कळलं की बारा वर्षं माझी खबर नाही म्हणून चुलतभावाने पळसाच्या पानांचा पुतळा करून माझं दहन केलं. वर्षश्राद्धही झालं. ज्याचे दिवस झाले त्याने घरात पाऊल कसं टाकावं? सरकारने मला इथेच राहू द्यावं.' खाली 'मंजूर' एवढाच शेरा. त्यानंतरची नोंद नव्हती.

आत्याने बोटांवर वर्षं मोजली. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "चव्वेचाळीस वर्षांचा जिताजागता माणूस रे. आणि तिकडे आपण जेवणावळी घालत होतो."

"तिथी काही मिळाली नाही, आत्या," पद्मनाभ हळूच म्हणाला. त्याला आता भाषणाची नाही, तिचीच काळजी वाटत होती.

तीन वाजता हॉल भरला. निशिकांतांनी पोवाडा गुंडाळून ठेवला होता आणि ते पद्मनाभकडे खाऊ का गिळू असं पाहत होते. पद्मनाभने माइक हातात घेतला आणि खरं ते सगळं सांगून टाकलं. लोक आधी पोट धरून हसले. अर्ज वाचून दाखवल्यावर मात्र हसू ओसरलं. घरी जायचं कधी, हा प्रश्न तिथल्या कित्येकांनी नोकरीच्या पासच्या मुदतीसारखा पुढे पुढे ढकलत आणला होता.

"मग यंदा अमावास्येला काय करणार, आजी?" मागून कुणीतरी विचारलं.

"काही नाही," आत्या जागेवरूनच म्हणाली. "त्यांच्या मरणाचा कागद आमच्यापाशी नाही. जिवंत असल्याचा आहे, त्यांच्याच सांगण्यावरून लिहिलेला, सरकारने मंजूर केलेला. जिवंत माणसाचं कुणी श्राद्ध घालतं का?"

मग ती उठली. पद्मनाभच्या हातून माइक घेतला आणि समोरच्या माणसांकडे न पाहता, उघड्या दाराकडे पाहून म्हणाली, "विसाजीपंत, मी चिमणाजींच्या घरातली. आमचं चुकलं. घरी चला."