जोडून बोलणारे सुखदेवजी

मी अंगणात पाय मोडून पडले होते आणि भिंतीपलीकडे सुखदेवजी ओरडत होते, "नॉटॅटॉल! नॉटॅटॉल!"

दोरीवरची चादर काढायला स्टुलावर चढले आणि स्टूल सरकलं. पाऊल भलतीकडेच वळलं होतं. मी हाक मारली, "अहो सुखदेवजी!" पलीकडून उत्तर आलं, "नॉटॅटॉल!" चार हाका मारल्या, चारही वेळा तेच. शेवटी ते स्टूलच ओढून भिंतीवर आपटलं. तेव्हा कानातल्या वायरी काढत त्यांचं डोकं भिंतीवर आलं. मी जमिनीवर आडवी पडलेली त्यांना दिसत होते. तरी त्या माणसानं मला विचारलं, "व्हॉटिझिट, वहिनी?"

उठता आलं असतं तर मी तेच स्टूल त्यांच्या डोक्यात घातलं असतं.

सुखदेवजी आर्वीच्या एसटी डेपोत तीस वर्षं कंडक्टर होते. माझे मालक त्याच डेपोत मेकॅनिक, म्हणून मी वहिनी. मालक जाऊन बारा वर्षं झाली. सुखदेवजींची बायको त्याच्याही आधी गेली. आमच्या दोन घरांमध्ये एक भिंत आहे. ती आणखी उंच बांधायला हवी होती असं मला गेल्या वर्षभरात रोज वाटलं.

कंडक्टर असताना त्यांचं बोलणं तिकिटासारखं होतं. एकेक शब्द फाडून हातात द्यायचे. "रोहणा. आलं. उतरा. मागून. उतरा." जेवायला बोलावलं तरी तसंच, "भाजी. चांगली. झाली." आम्ही हसायचो, पण समजायचं तरी. आता या वयात त्यांनी इंग्रजी जोडून बोलायला घेतलं. शब्द त्यांना जुन्या मॅट्रिकपासून येतात. इंग्रजी पेपर ते आजही वाचतात. पण फोनमधली कोणी बाई त्यांना शिकवते, की इंग्रज लोक शब्द सुटे बोलतच नाहीत, एकात एक घालून बोलतात. नॉट, अ‍ॅट, ऑल नाही, नॉटॅटॉल.

"पहिल्या शब्दाचं शेवटचं अक्षर दुसऱ्याच्या घरी जाऊन राह्यते, वहिनी," त्यांनी मला समजावलं.

"म्हणजे घरजावई."

"बरोब्बर! टर्न, इट, ऑफ असं नाई म्हणायचं. टर्निटॉफ."

"मग ते करा. कुकर केव्हाचा शिट्ट्या मारून राह्यला तुमचा."

असं वर्षभर चाललं होतं. सकाळी नळ आला की पिकिटप, दुपारी माझा डोळा लागला की गोवॉन. गो आणि ऑन यांच्या मधात म्हणे एक छोटा व येऊन बसतो. मी म्हटलं, त्याला कोणी बोलावलं होतं? तर म्हणाले, "तो आपोआप येते, वहिनी. तुमच्या नणंदेसारखा." यावर मला हसू आलं, पण मी दाखवलं नाही.

मग ती सवय मराठीत शिरली. किराणा दुकानात जाऊन एका श्वासात म्हणाले, "पावकिलोगूळअनएककाडीपेटीअनसाबणद्या." दुकानदार पोरगा भला. त्याला वाटलं म्हाताऱ्याची जीभ जड झाली, झटका आला. त्यानं यांना पोत्यावर बसवलं, दोन्ही हात वर करायला लावले, हसून दाखवा म्हणाला. सुखदेवजींनी हसून दाखवलं. ते हसू पाहून तो आणखी घाबरला आणि ऑटो बोलावला. गूळ राहिलाच.

त्याच ऑटोवाल्यानं पुढे मलाही वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. सोबत सुखदेवजी होते, हे ओघानं आलंच. तिथला डॉक्टर तिकडचा, दक्षिणेतला, तरुण. तो माझ्याबद्दल इंग्रजीत विचारायचा आणि हे आनंदानं जोडून जोडून उत्तरं द्यायचे. पाय माझा, दुखणं माझं, पण मला कोणी विचारेना. शेवटी डॉक्टरनं त्यांना काहीतरी विचारलं आणि हे गडबडले.

"काय म्हणून राह्यला तो?"

"म्हणते, या बाईले बोलता येते का?"

मी बोलून दाखवलं. डॉक्टरला मराठी येत नव्हती, तरी समजलं.

सहा आठवडे प्लास्टर. माझी मुलगी येऊन आठ दिवस राहिली आणि तिच्या घरी गेली. नंतर दोन वेळचं जेवण, चहा, औषध, सगळं सुखदेवजी करत. तक्रारीला जागा नव्हती. पण खाटेवर पडलेल्या बाईला पळता येत नाही, हे त्यांना लवकरच कळलं. खुर्ची ओढून रोज दोन तास माझ्यासमोर बसायचे.

यामागे कारण होतं आणि ते मला ठाऊक होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा प्रशांत कॅनडात होता. दोन वर्षांपूर्वी तिकडे गाडीच्या अपघातात गेला. त्याची बायको हॅना तिकडचीच. मुलगी मीरा सात वर्षांची. दर रविवारी संध्याकाळी त्या दोघी फोनवर दिसतात. मीरा भराभर बोलते. हे म्हणतात, "से. अगेन. बेटा." ती पुन्हा बोलते, हे पुन्हा तेच म्हणतात. तिसऱ्या वेळी पोरगी उठून पळते आणि फोनवर रिकामी खुर्ची दिसत राहते. हे त्या खुर्चीकडे पाहून हसत बसतात. मी पाहिलं आहे. अलीकडे हॅनानं लिहून पाठवलं होतं, की मीराला कंटाळा येतो, दर रविवारच्या ऐवजी महिन्यातून एकदा बोलायचं का? लिहिलेलं यांना लगेच समजतं. यांनी लिहून कळवलं, मला दोन महिने दे.

त्या दोन महिन्यांतले सहा आठवडे माझ्या वाट्याला आले.

पहिले चार दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडले. पाचव्या दिवशी ऐकवेना. मला इंग्रजी येत नाही. चौथी शिकले, ए-बी-सी-डी दुकानांच्या पाट्यांवर पाहिली तेवढीच. पण आमच्या शाळेत टकळी होती. सूत कातताना पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, संपला की नव्या पेळूचे तंतू जुन्या सुताच्या टोकावर मोकळे ठेवायचे आणि टकळी फिरवायची. ते एकमेकांना आपोआप धरतात. आळशी पोरी गाठ मारायच्या, आणि मास्तर सुतावरून बोटं फिरवून गाठ बरोबर शोधायचे.

"तुम्ही गाठी मारून राह्यले," मी म्हटलं.

"मी? कुठं?"

"पिक म्हटलं, थांबले, मग इटले ढकललं. थांबू नका. पहिला संपायच्या आधीच दुसरा लावा. टकळी थांबली की सूत तुटते."

त्यांनी डोळे मिटले, हवेत टकळी फिरवल्यासारखी बोटं फिरवली आणि पिकिटप म्हणाले. गाठ नव्हती.

त्यानंतर माझी सुटका नव्हती. मी मास्तर झाले. हातात चमचा, गाठ आली की प्लास्टरवर टक्. अर्थ मला एकाचाही कळत नव्हता, पण गाठ कळत होती. ते चिडायचे. "वहिनी, ही गाठ नव्हती, हा माझा खोकला होता." मी म्हणायची, "खोकलाही जोडून खोका." दिवसाला शंभर वाक्यं. मी झोपेतही चमचा वाजवत होते असं रात्री सोबतीला येणाऱ्या समोरच्या घरच्या सुनेनं सांगितलं. माझ्या शरीराच्या एकाच भागाला त्या माणसाचं बोलणं ऐकावं लागत नव्हतं, तो माझा प्लास्टरमधला पाय. त्याचा मला हेवा वाटायचा.

प्लास्टर निघायच्या आधीचा रविवार. सुखदेवजी फोन घेऊन माझ्याच खोलीत आले. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. "इथंच बसतो. तुमी फक्त पडून राह्यजा. चमचा ठेवून द्या."

मीरा दिसली. दात पडलेला, केस विस्कटलेले. ती भर्रकन काहीतरी बोलली. सुखदेवजी गप्प. मला वाटलं, झालं, आता से अगेन. पोरगी खुर्चीतून अर्धी उठलीसुद्धा. तेवढ्यात हे म्हणाले, "आयेटिटॉल."

पोरगी थांबली. मग खदखदून हसली आणि परत बसली. पुढे काय बोलणं झालं मला माहीत नाही. शाळा, मांजर, काहीतरी. मधात दोनदा हे अडखळले, तिनं हळू सांगितलं, हे पुढे गेले. पाव तास झाला, वीस मिनिटं झाली. शेवटी हॅना आली, तिनं यांच्याकडे जरा वेळ पाहिलं, आणि पुढच्या रविवारी, असं काहीतरी म्हणाली. संडे मला कळतं.

फोन बंद झाला. "तिनं विचारलं, आजोबा, जेवलास का? मी म्हटलं, सारं खाल्लं," ते म्हणाले.

"झालं ना मग? आता वायरी पेटीत ठेवा. या वयात एवढी मरमर काऊन करता? हॅना लिहून सांगते, तुम्ही लिहून सांगा."

ते फोन शर्टाच्या बाहीनं पुसत बसले.

"पहिला फोन तिचाच आलता, वहिनी. त्या दिवशी. मले कार येते, अॅक्सिडेंट येते, हॉस्पिटल येते. सारे शब्द येतात. पण तिनं एकात एक सांगितलं, मले एकही सुटून आला नाई. आवाज असा, मले वाटलं हसून राह्यली. पोरीच्या वाढदिवसाचं असन. मी म्हटलं, ओके बेटा, थँक्यू, थँक्यू."

मी उशाशी ठेवलेला चमचा खाटेखाली सरकवला.

"मंग तिकडून काई आवाजच नाई. फोन बंद झाला. संध्याकाळी प्रशांतच्या दोस्तानं मराठीतून सांगितलं. तिनं मले त्याबद्दल कधी विचारलं नाई. मी सांगितलं नाई. आज तिच्याशी बोललो तर वाटलं, कधी तरी सांगता येईन."

"लिहून सांगा," मी म्हटलं.

"नाई. हे बोलूनच सांगा लागते."

त्यांनी माझ्या पायाखालची उशी सरळ केली आणि पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला. जाताना दारात थांबून म्हणाले, "हात मोडला होता तिचा. एका हातानं फोन लावलता. आपल्या मायले सांगायच्या आधी मले लावला."

त्या गाडीत तिघं होते. प्रशांत चालवत होता, तो जागीच गेला. हॅना वाचली. मागच्या सीटवर मीरा होती, ती वाचली.