सून, बसून आणि पंतप्रधानांचा जिना

सिनेमाला जायचं ठरलं तेव्हाच वेलांटीकाकांनी जाहीर करून टाकलं की सिनेमा वाईट असणार.

"न बघताच?" मुलाने विचारलं.

"पुस्तक वाचलंय मी. तेही प्रुफात."

काकांचा उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला होता, त्यावरूनच त्यांना हे नाव पडलं होतं. एका पंतप्रधानाला त्याच्याच माणसांनी कसं घेरलं, ही ती गाजलेली कादंबरी त्यांच्या हाताखालून गेली होती. लेखकाला हारतुरे मिळाले. काकांच्या वाट्याला एवढंच समाधान आलं, की त्या जाडजूड पुस्तकात शोधूनही चूक सापडत नाही. आता त्यावर कोणीतरी सिनेमा काढला होता, म्हणजे सगळा सत्यानाश झाला असणार.

तरी जायचं होतं, कारण सिनेमाच्या संगीतात सून होती.

सून मोठ्या वाद्यवृंदात बसून वाजवत असे. वाद्याचं नावच बसून. लाकडाची लांबलचक नळी, आणि आवाज असा की जमिनीखालून कोणीतरी दमून बोलतंय. लग्नानंतर काकांनी शेजारच्या दंतवैद्यांना सांगितलं, "आमची सून बसून वाजवते," तेव्हा दंतवैद्यांनी फार आपुलकीने विचारलं होतं, "उभं राहून त्रास होतो का त्यांना?"

रोज सकाळी ती मागच्या खोलीत सराव करायची आणि भिंतीच्या अलीकडे काका हातात पेन घेऊन वर्तमानपत्र वाचायचे. तिच्या वाजवण्याबद्दल ते कधी चांगलं बोलले नाहीत, वाईटही बोलले नाहीत. भाजीत मीठ कमी झालं, दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, तरी बोलणारा हा माणूस या एका गोष्टीत मात्र गप्प होता. त्या गप्प राहण्याचा अर्थ सुनेने आपल्या परीने लावून घेतला होता.

"बाबा, तुम्ही नका येऊ खरंच," ती म्हणाली. "एवढासा तुकडा आहे माझा. ऐकूही येणार नाही."

"कुठे आहे?"

"पंतप्रधान एकटे जिना चढतात तिथे."

"शेवटून दुसरं प्रकरण," काका म्हणाले. "तू येतेस ना?"

"माझी तालीम आहे," असं म्हणून ती स्वयंपाकघरात निघून गेली.

तेव्हा दुपारच्या खेळाला चौघं निघाली: काका, मुलगा, काकांची थोरली बहीण आक्का, आणि दवाखाना बंद ठेवून आलेले दंतवैद्य. काकांनी थिएटरच्या दारातच सगळ्यांना बजावलं. "जिना दिसला की कान उघडे ठेवायचे. मी खूण करीन."

पण दिग्दर्शकाला जिन्यांचं भलतंच वेड होतं. पडदा उजळला तोच एका जिन्यावर. गृहमंत्री दोन दोन पायऱ्या गाळत वर निघाले होते.

"आता," काका म्हणाले.

चौघंही पुढे वाकली. व्हायोलिनांचा थवा अंगावर आला.

"हे का?" आक्काने विचारलं.

"नाही. आणि हा गृहमंत्रीही नाही पुस्तकात. आहे, पण त्याला दम्याचा विकार आहे. असा पळणार नाही तो."

पुढच्या रांगेतल्या टोपीवाल्या गृहस्थांनी मान वळवून पाहिलं आणि परत पडद्याकडे केली.

मग विरोधी पक्षनेता जिना उतरला. मग एक गुप्तहेर चढला. मग दोघं जण एकाच जिन्यावर समोरासमोर आले आणि पन्नास वादकांनी मिळून असा कल्लोळ केला की आक्काने दंतवैद्यांचा हात धरला. दर वेळी काका "आता" म्हणत, दर वेळी रांग पुढे वाकत आणि दर वेळी ते "नाही" म्हणत.

"कोणी दार उघडलं तरी नगारे कशाला वाजवतात हो?" टोपीवाल्यांच्या बायकोने नवऱ्याला विचारलं.

"वातावरण तयार करतात," टोपीवाले म्हणाले.

"तिसरं प्रकरण गाळलं," मागून काका म्हणाले.

"बाबा, हळू," मुलगा कळवळून म्हणाला. त्याने खुर्चीत इतकं अंग चोरलं होतं की मागच्यांना ती जागा रिकामी वाटत होती.

मध्यंतरानंतर सिनेमा एकदम शांत झाला. पंतप्रधान अंधाऱ्या दालनात एकटे उभे होते. एका बाजूला जिन्याचा कठडा दिसत होता. संगीत थांबलं. आणि त्या शांततेत हळूहळू एक आवाज उगवला. खोल, घोगरा, वर जाणारा, क्षणभर थांबणारा आणि पुन्हा खाली येणारा.

काका ताठ झाले. "हीच," ते म्हणाले. "ऐका. आमची सून."

हे ते कुजबुजले असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात ते आसपासच्या सगळ्यांना ऐकू गेलं. टोपीवाल्यांच्या बायकोने खाणं थांबवलं. आक्काने पदर डोळ्यांना लावला. "किती आतून येतोय रे आवाज," ती म्हणाली. "पोरीने काय काय सोसलं असेल."

काकांना मात्र काहीतरी खटकत होतं. पडद्यावर सकाळ झाली, पंतप्रधान चहा पिऊ लागले, तरी आवाज चालूच होता.

टोपीवाले पूर्ण वळले. "काका," ते अगदी समजुतीने म्हणाले, "सूनबाईंचं कौतुक आहेच. पण आधी यांना उठवता का?"

दंतवैद्य छातीवर हनुवटी टेकवून गाढ झोपले होते.

आधी टोपीवाल्यांची बायको हसली, मग तिची रांग, मग मागच्या दोन रांगा. पंतप्रधानांच्या चहात विष होतं, आणि प्रेक्षकांतून हास्याची लाट उठली. विजेरी घेऊन कर्मचारी आला. कोण आवाज करतंय असं त्याने विचारलं तेव्हा तीन-चार बोटं काकांकडे वळली. झोपलेल्या माणसाला दोष कसा द्यायचा, असा विचार करून काका स्वतःच उठले.

"मी पण येतो," मुलगा म्हणाला.

"तू बस. जिना यायचाय अजून. नीट ऐक आणि मला सांग."

बाहेरच्या दालनात दुपारचं ऊन फरशीवर पडलं होतं. पाण्याच्या नळाजवळ एक बाई भिंतीकडे तोंड करून उभी होती. काकांनी ती पाठ ओळखली.

"तालीम लवकर संपली?" त्यांनी विचारलं.

सून दचकून वळली. "बाबा. तुम्ही बाहेर कसे?"

"काढलं मला. तू?"

तिला खोटं सुचेना. "मी मागच्या रांगेत होते. पण माझा तुकडा जवळ आला की मला बसवत नाही. मागेही एकदा आले होते, तेव्हाही अशीच बाहेर उभी राहिले."

"का?"

ती बोलणार एवढ्यात बंद दाराच्या आतून तो सुरू झाला. कोणी सांगायची गरज नव्हती. काकांनी नुसता हात वर केला. रोज सकाळी भिंतीपलीकडून ऐकलेला तो तुकडा त्यांना पाठ होता: कुठे वळतो, कुठे रेंगाळतो. सुनेने मात्र दोन्ही कानांवर तळवे दाबून धरले होते. ती तुकडा ऐकत नव्हती, काकांच्या चेहऱ्याकडे बघत होती, आणि एका जागी काकांची भुवई किंचित हलली ती तिला दिसली.

आवाज विरला. तिने हात खाली घेतले.

"मधे एका ठिकाणी श्वास कमी पडला तुझा," काका म्हणाले.

ती भिंतीला टेकली. "कळलं तुम्हाला."

"घरी नाही पडायचा."

"रेकॉर्डिंगला कोणाच्याच लक्षात आलं नाही. सगळे वा वा म्हणाले, आणि मी गप्प बसले. आता ते तसंच राहणार कायमचं." तिचा आवाज ओला झाला. "मला वाटायचं, तुम्हाला माझं वाजवणं आवडत नाही म्हणून तुम्ही बोलत नाही."

काका गोंधळले. "अगं, मी बोलतो कधी? चूक दिसली की. तिथे बोलायला जागाच नव्हती."



"आणि हे बघ," काका घाईघाईने म्हणाले, "त्या प्रकरणात लिफ्ट बंद पाडलेली असते. म्हातारा माणूस, विषातून वाचलेला, चढतोय जिना. त्याला मधेच धाप लागायला नको? मी तिथे खूण केली असती, आणि मग माझी मीच खोडली असती. बरोबर आहे ते."

तिने डोळे पुसले. तेवढ्यात दारं उघडली आणि माणसांचा लोंढा बाहेर आला. टोपीवाले बायकोला खरा गद्दार कोण ते समजावत होते आणि बायको ऐकत नव्हती. आक्काने सुनेला पाहिलं आणि घट्ट मिठी मारली.

मागून दंतवैद्य आले. ते ताजेतवाने दिसत होते. "वहिनी, तुमचा तुकडा अप्रतिम," ते मनापासून म्हणाले. "मी तर डोळे मिटून ऐकला."

काकांनी तोंड उघडलं. सुनेने हळूच त्यांचा हात दाबला. काकांनी तोंड मिटलं.

"थँक्यू, डॉक्टर," सून म्हणाली.

बाहेर पडताना मुलगा काकांच्या बाजूला आला. घरी जाईपर्यंत आता पुस्तकाची बाजू ऐकावी लागणार, अशी त्याने मनाची तयारी केली होती. वडिलांनी शेवट पाहिलाच नाही, हे गडबडीत त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मग बाबा, शेवट कसा वाटला?"

काकांनी पुढे चाललेल्या सुनेकडे पाहिलं. आक्का तिला काहीतरी सांगत होती आणि ती मान मागे टाकून हसत होती.

"पुस्तकापेक्षा चांगला आहे," काका म्हणाले.