थर्मनचा विक्रम आणि माझा हातभार

थर्मन ओक्सपेक्षा मी सरस खेळाडू होतो. फक्त हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, एवढीच काय ती अडचण!

अमेरिकेतल्या आमच्या इंडियाना राज्यात पोरगं नीट चालायच्या आधी बास्केटबॉल खेळायला लागतं. मी तर सहा फूट नऊ इंच वाढलेला. वेबर्न कॉलेजच्या संघात सेंटर, म्हणजे रिंगखाली उभा राहणारा सगळ्यांत उंच खेळाडू, मीच, असं सगळं गाव धरून चाललं होतं. सरावाच्या पहिल्याच दिवशी दारातून वाकून एक पोरगा आत आला. सात फूट एक इंच!

"मी थर्मन. मीही सेंटरच," म्हणाला, आणि वर गोड हसला.

संपलं! पुढची चार वर्षं तो कोर्टवर आणि मी बाकावर. त्याच्या नावाच्या टोप्या विकल्या जायच्या. कॅन्टीनवाली त्याला न मागता दुसरी प्लेट वाढायची. मी जळायचो हो! खोटं कशाला बोलू? आणि मेला स्वभावानेही चांगला. दुष्ट असता तर निदान पोटभर शिव्या तरी देता आल्या असत्या.

शेवटच्या वर्षाची, घरच्या कोर्टवरची अखेरची मॅच आली. त्या दिवशी आमच्याकडे एक रीत आहे. कॉलेज सोडणारी मुलं आईबापांचा हात धरून कोर्टच्या मधोमध जातात, फुलं देतात, आणि मॅचची सुरुवात त्यांनीच करायची. मग भले एखाद्याने चार वर्षं नुसता बाक तापवलेला असो!

"लाइल ब्रूबेकर," आमचे कोच हॅस्केल म्हणाले, "खेळ थांबवणारी पहिली शिट्टी वाजेपर्यंत तू कोर्टवर. शिट्टी वाजली की बाहेर. कळलं?"

माझ्या नावावर तोवर एकही बास्केट नव्हती. आई शेतावरून तीन तास गाडी हाकत आली होती. तिच्या देखत एक तरी बास्केट टाकायचीच! पण त्याच दिवशी थर्मनला कॉलेजचा रिबाउंडचा विक्रम मोडायला एकच रिबाउंड हवा होता. म्हणजे कुणाचा तरी नेम चुकून परत आलेला एक चेंडू झेलला, की झाला विक्रम! मग माझ्याकडे कोण बघणार? मी मनाशी ठरवलं, आधी माझी बास्केट, मग त्याचा विक्रम. हातात चेंडू आला की सरळ नेम धरायचा, बस्स!

आईने माझ्यासाठी आमच्याकडच्या पर्सिमन फळाचं गोड पुडिंग आणलं होतं. मी फुलं घेऊन येईतो ते थर्मनच्या हातात!

"अरे, किती हडकलाय बिचारा," आई म्हणाली.

"काकू, असं पुडिंग जन्मात नाही खाल्लं!" थर्मन म्हणाला. माझा नुसता तिळपापड झाला.

मॅच सुरू झाली. थर्मनने उडी मारून पहिलाच चेंडू थेट माझ्याकडे ढकलला. मी धावलो, नेम धरला, फेकला. ठण्ण! चेंडू रिंगवर आपटून परत आला, आणि वर थर्मनचे ते भलेमोठे पंजे!

"ब्रूबेकरचा नेम चुकला! ओक्सचा रिबाउंड! नवा विक्रम!" निवेदक किंचाळला. अख्खं स्टेडियम उभं राहिलं.

माझ्याच चेंडूवर! शिट्टी मात्र वाजली नव्हती. थर्मनने चेंडू पुन्हा माझ्या हातात दिला.

"टाक, लाइल! काकू बघतायत!"

टाकला. फळीच्या कडेला लागला. पुन्हा थर्मन!

"ब्रूबेकर चुकला! ओक्सचा आणखी एक!"

"घाई नको रे. सावकाश," चेंडू परत देत थर्मन म्हणाला.

सावकाश टाकला. तो तर कशालाच लागला नाही! थर्मनने तोही अलगद झेलला. समोरच्या संघातली पोरं हसू दाबत होती. मी जितका चुकत होतो तितका तो मोठा होत होता!

"हे घे. अगदी जवळ उभा राहा. मी कुणाला येऊ देत नाही," तो हळूच म्हणाला आणि पुन्हा चेंडू पुढे केला.

माझं डोकं फिरलं. "ठेव तुझी भीक तुझ्यापाशी!" असं ओरडून मी चेंडू त्याच्याच अंगावर भिरकावला. तो वाकला. चेंडू थेट प्रेक्षकांत गेला.

शिट्टी!

"बाहेर!" कोच म्हणाले. चार वर्षांची कारकीर्द, एकूण गुण शून्य.

मॅचनंतर थर्मन विक्रमाचा चेंडू घेऊन आईकडे आला. "काकू, हा तुमच्या घरी असू द्या. लाइल नसता तर आज हे जमलं नसतं."

टोमणा असेल म्हणून मी त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. नव्हता! मनापासून बोलत होता मेला. आईने डोळे पुसले आणि आधी त्याला मिठी मारली.

आज थर्मन मोठ्या संघात खेळतो आणि तो चेंडू आमच्या दिवाणखान्यात आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला आई कौतुकाने सांगते, "हा विक्रम आमच्या लाइलने करून दिला हो!"

"हो का? तो कसा?" पाहुणे विचारतात.

शेतावरच्या डुकरांना खायला घालायचं राहिलंय, हे मला नेमकं तेव्हाच आठवतं.