रामकिसनचा टॅग

भगवंतच्या घरातला कॉम्प्युटर सकाळपर्यंत व्यवस्थित चालत होता, म्हणूनच भगवंतने तो उघडला. चालत्या यंत्राला अजून जरा चांगलं चालवावं, ही त्याची जुनी खोड. तारापूरच्या वीजप्रकल्पात तो देखभालीला होता आणि रविवारीसुद्धा त्याचे हात स्वस्थ बसत नसत. मराठी पान छापायला मशीन फार वेळ घेतं, रॅम वाढवली की धावेल, असं त्याने बायकोला समजावलं.

"आज नको हो," वत्सला म्हणाली. "संध्याकाळी नरहरी सर पेपर न्यायला येणार. उद्या परीक्षा आहे."

"म्हणून तर आज!"

शाळेच्या सहामाहीचे पेपर तिने खपून टाइप केले होते. ही तिची पहिलीच ऑर्डर. सरांचं समाधान झालं तर सरावलीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत तिचा स्वतःचा धंदा उभा राहणार होता, आणि सगळे पेपर त्या मशीनच्या पोटात होते.

मदतीला शेजारचा रामकिसन आला. तोही प्रकल्पातलाच, मूळचा परभणीकडचा. दोघांनी मिळून रॅम बसवली. "झालं बघा वहिनी, आता पळतंय का नाही!" असं म्हणून रामकिसन गळ घेऊन शिरगावला मासे धरायला गेला. इथे येऊन समुद्र पाहिल्यापासून त्याला तो नाद लागला होता.

भगवंतने बटण दाबलं. मशीन ढिम्म.

त्याने रॅम काढली, खोडरबरने घासली, परत बसवली. ढिम्म. जुनी तेवढी ठेवून पाहिलं, तरी तेच; मग नवीही परत लावली. भिंतीवरच्या प्लगला टेस्टर लावला, तर करंट येत होता. शेवटी कोपऱ्यावरच्या बूथवरून त्याने पालघरच्या दुकानदाराला फोन केला आणि पडेल चेहऱ्याने परतला.

"बोर्ड जळालं असेल म्हणतो. आतलं सगळं वाचलं तर नशीब."

वत्सला मटकन खाली बसली. खाली बसली म्हणूनच तिचं लक्ष टेबलाखालच्या स्टॅबिलायझरकडे गेलं. त्यावर तिनेच शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर होतं. तिने ते उचललं. दिवा बंद, मागचं बटण बंद, आणि बटणाला दोऱ्याने बांधलेला लाल पुठ्ठा: 'काम चालू आहे. हात लावू नये. रामकिसन.'

"अहो, हे बघा! इथूनच बंद आहे!" तिने हात पुढे केला.

"थांब!" भगवंत ओरडला. "तो रामकिसनचा टॅग आहे."

"मग?"

"प्रकल्पात ज्याने टॅग लावला त्यानेच तो काढायचा. मी प्लग काढला होता, पण दुसऱ्याच्या भरवशावर तो यंत्रात हात घालत नाही. त्याने स्वतःचा टॅग लावला. आणि काढायला विसरला."

"हे आपलं घर आहे, प्रकल्प नाही!"

"टॅग तो टॅग. समज, त्याचा हात आत असता तर?"

"त्याचा हात शिरगावात आहे!"

ते भगवंतला पटत होतं. तरी आजवर त्याने दुसऱ्याच्या टॅगला बोट लावलं नव्हतं, आणि अशा हट्टी माणसांमुळेच प्रकल्पातली माणसं संध्याकाळी धडधाकट घरी येत होती. वत्सलाकडून बटणाला हात न लावण्याचा शब्द घेऊन त्याने स्कूटरला किक मारली.

तो परतायच्या आत नरहरी सर दारात हजर. "झाले का पेपर? उद्या पोरांना काय फळ्यावर लिहून देऊ?"

वत्सलाने सगळी हकिकत सांगितली. सर चहा अर्धा टाकून वाकले.

"एवढंच ना? आणा, मी दाबतो."

"नको सर!" वत्सला टेबलाच्या आड उभी राहिली. मघाशी नवऱ्याला वेड्यात काढणारी तीच ही बाई. "मी शब्द दिलाय त्यांना."

"अहो बाई, इथे बघतंय कोण?"

"म्हणूनच नको."

सर परत खुर्चीत जाऊन बसले. वत्सलाला रडू येत होतं. ऑर्डर गेली, असं ती धरूनच चालली होती.

एवढ्यात स्कूटर आली. मागे पाय भिजलेला रामकिसन, हातात पिशवीभर मासे. "चुकलो वहिनी, चुकलो!" त्याने हात पुसले, टॅग सोडला, बटण दाबलं. मशीनने शहाण्यासारखी नवी रॅम मोजली आणि सुरू झालं. पानांमागून पानं भराभर येऊ लागली, आणि भगवंतच्या चेहऱ्यावरचा आनंद लपता लपेना.

सरांनी पेपर पिशवीत घातले, पण उठले नाहीत.

"गेल्या वर्षी छापखान्यातून आमचा पेपर फुटला," ते म्हणाले. "तिथल्या माणसाला पण कोण बघत नव्हतं. तेव्हापासून घर शोधतोय, जिथे दुसऱ्याच्या वस्तूला कोण हात लावत नाय. वार्षिकचे सगळे पेपर तुमच्याकडे, वत्सलाबाई. सगळ्या वर्गांचे."