कुशाबाचा हक्काचा न्यायाधीश

आयटी पार्कला लागून असलेल्या माण गावच्या कुशाबाच्या करदोट्याला एकच किल्ली असायची, गच्चीची. वर त्याची बावीस कबुतरं राहत, म्हणून तिथे कुणी कपडे वाळत घालायचे नाहीत असा त्याचा कायदा होता. बिहारहून आलेल्या भाडेकरू मनीषचे शर्ट खोलीतच वाळून इतके कुबट झाले, की ऑफिसात लोक त्याच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसू लागले. शेवटी तो भांडायला उठला.

कुशाबाची नात आरोही वकिलीची परीक्षा देत होती. ती म्हणाली, "आबा, हेगला देशादेशांचं न्यायालय हाय ना, तसंच हितं बसवू. माझा अभ्यासबी होईल."

"कुनीबी उठून माझ्यावर दावा लावनार व्हय?"

"न्हाई. दोन्ही बाजूंनी मान्य केलं तरच खटला चालतो."

घर आपलं म्हणजे न्यायाधीशही आपणच, असं धरून कुशाबाने कागदावर सही ठोकली. शेवटच्या ओळीत 'यापुढच्या सगळ्या वादांसाठी मान्यता' असं काहीतरी होतं, पण चष्मा गच्चीवर राहिला होता.

"तुमी पक्षकार आबा, न्यायाधीश कसे व्हनार?" आरोहीने पहिला धक्का दिला. "तितं पंधरा असत्यात, नऊ वर्सांसाठी. आपन चार घेऊ. एका देशाचे दोन चालत न्हाईत, तसा आपल्याकडं एका राज्याचा एकच. अन् तितं दोन सभा येगयेगळं मतदान करत्यात. आपल्याकडं वरच्या मजल्याचे भाडेकरू अन् खालच्या मजल्याचे. दोन्हीकडं बहुमत पायजे."

"सरपंचाला आमी येकदाच शिक्का मारतोय. हितं दोनदा कशापायी?"

उत्तर ऐकायला कुणालाच वेळ नव्हता. खालच्यांनी निवडलेला केरळचा मुलगा वरच्यांना नको होता, वरच्यांचा बिहारी खालच्यांना. पाच फेऱ्यांनंतर केरळ, बिहार, ओडिशा आणि उत्तर प्रदेश असे चौघे ठरले, तोवर कुशाबाचं डोकं गरगरायला लागलं होतं.

"मनीषच्या मुलखातला मानूस हाय की तितं! माझा कोन?"

"म्हनूनच तुमाला तुमच्या पसंतीचा एक नेमता येतो. ह्या खटल्यापुरता."

कुशाबाचा चेहरा उजळला. चाळीस वर्षांत ज्या माणसाने आपल्याला उलट उत्तर दिलं नव्हतं, त्यालाच त्याने हाक मारली. त्याची बायको तुळजाबाई तांदूळ निवडता निवडता उठली, हात पुसले आणि कुणाचीही बाजू न घेण्याची शपथ घेऊन खुर्चीवर बसली. शपथ म्हणजे नुसती रीत, असं कुशाबाला वाटलं.

चौघांत मतं दोन-दोन पडली, कारण दोघे कपडे बाहेर धुवायला देत आणि त्यांना गच्चीशी काही घेणंदेणं नव्हतं. सगळे तुळजाबाईकडे बघू लागले.

"किल्ली द्या," ती म्हणाली.

"अगं, तू माझ्याकडची हायेस!"

"शपथ घेतलीया मी. मोडू व्हय?"

"मी अपील करनार!"

"ह्या कोर्टावर अपील नसतं, आबा," आरोही म्हणाली.

कुशाबाने करदोट्याची गाठ सोडली. मनीष बादली घेऊन जिन्याकडे पळालासुद्धा.

"माझं न्यायाधीशपण कवर गं?" तुळजाबाईने विचारलं.

"संपलं, आजी. खटल्यापुरतंच व्हतं."

कुशाबाने सुटकेचा श्वास सोडला.

"मंग आता माझा दावा लिव्ह. तीन वर्सं कबुतरांनी माझ्या कुरडया नासवल्यात."

"मी न्हाई मान्यता द्यायचा!" कुशाबा ओरडला. आरोहीने त्याला कागदाची शेवटची ओळ मोठ्याने वाचून दाखवली. तो मटकन पायरीवर बसला.

"ह्या खेपेला तरी माझ्या हक्काचा न्यायाधीश मिळंल का?"

"मी हाय की, आबा," आरोही म्हणाली. तिला लहानपणापासून कुरडया फार आवडायच्या.