माकडहाडाची भरपाई

खुर्ची मोडली तेव्हा बैठकराव तिच्यावर बसले होते, आणि पुढची सगळी कटकट या एवढ्याशा गोष्टीतून निघाली. कारण बसणं हीच त्यांची नोकरी होती. ऑफिसातल्या फिरत्या खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्यात ते खुर्च्या तपासायचे. दणकन बसायचं, मागे रेलायचं, डावीकडे झुकायचं, उजवीकडे झुकायचं, गरकन फिरायचं, उठायचं आणि पुन्हा दणकन बसायचं. सकाळपासून भोंगा होईपर्यंत हेच. प्रत्येक खेपेतली एक खुर्ची त्यांच्याकडे यायची. ती टिकली आणि बसल्यावर बरं वाटलं, की बैठकराव शिक्का मारायचे आणि मगच खेप ट्रकमध्ये चढायची. त्यांचं खरं नाव पगाराच्या पावतीपुरतं उरलं होतं. एरवी वेल्डरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना बैठकरावच म्हणत.

घरचं तर विचारूच नका. बायकोचा भाऊ त्याच कारखान्यात माल चढवायचा. तो जेवायला आला की पहिल्या घासाबरोबर सुरू व्हायचा, “भावोजी, तुमचं बरंय बुवा. आम्ही मरमर मरायचं आणि तुम्ही बसून पगार घ्यायचा!” त्यावर बायको तोंडाला पदर लावून हसायची. मेहुण्याचं बोलणं बैठकराव एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून देत, पण ते हसणं मात्र त्यांना लागायचं. संध्याकाळी कंबर धरून घरी येणाऱ्या माणसाला आपलीच माणसं हसली की कसं लागेल, तसंच.

तर त्या दिवशी बैठकराव दणकन बसले आणि खुर्चीची मधली दांडी कडकन मोडली. आसन एकीकडे, चाकं दुसरीकडे आणि बैठकराव थेट फरशीवर. सगळ्यात आधी मेहुणा धावला. त्याने भावोजींना काखेत हात घालून उचललं आणि आपुलकीने शेजारच्या खुर्चीत आदळलं. बैठकरावांनी अशी किंकाळी फोडली की रंगखात्यात एकाच्या हातून डबा पडला.

“माकडहाडाला चीर गेलीय,” डॉक्टर फोटो उजेडात धरून म्हणाले. “झोपा, उभे राहा, चाला. पण तीन महिने बसायचं नाही.”

“पण डॉक्टर, माझी नोकरीच—”

“मग रजा घ्या.”

रजा पगारी मिळाली तर ठीक, बिनपगारी घेणं घराला झेपणारं नव्हतं. आणि पगारी मिळायची तर अपघात कामावर झाला हे भरपाई कार्यालयाने मान्य करायला हवं होतं. मॅनेजर अर्ज घेऊन बसले. माणूस वाईट नव्हता, पण जे डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं अशी त्याला खोड होती. ‘अपघातसमयी कामगार काय करीत होता?’ या प्रश्नापुढे त्यांनी झोकात लिहिलं, ‘बसला होता.’

“साहेब, ‘काम करत होता’ असं लिहा की!”

“तुम्ही बसला नव्हता का?”

“होतो.”

“मग झालं तर,” म्हणून मॅनेजरांनी सही ठोकली.

भरपाई कार्यालयाच्या खिडकीमागे एक चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, “बसा.”

“उभाच बरा आहे.”

“बसून बोला हो. असं अंगावर आल्यासारखं उभं राहू नका.”

“बाई, मला बसता येत नाही, त्याचाच अर्ज आहे.”

बाईंनी अर्ज वाचला. “इथे तर ‘बसला होता’ लिहिलंय. म्हणजे विश्रांती घेत होतात. विश्रांतीत लागलं तर भरपाई नाही.”

“अहो, बसणं हेच माझं काम आहे!” बैठकरावांचा आवाज चढला. “कष्टाचं काम आहे ते! मणके ढिले होतात!”

बाईंनी मागच्या टेबलांवर एक नजर फिरवली. “बसणं हे काम असतं ना, तर आमच्या निम्म्या ऑफिसला आत्तापर्यंत बढती मिळाली असती. कारखान्याकडून तसं लिहून आणा.”

रिक्षात बसता येत नव्हतं, बसमध्ये धक्के सोसवत नव्हते. शेवटी मेहुण्याने त्यांना मालाच्या ट्रकमध्ये मागे उभं केलं. चहूबाजूंनी गिऱ्हाइकाकडून परत आलेल्या नव्याकोऱ्या खुर्च्या आणि मधोमध दोरी धरून एकटे उभे बैठकराव, अशी ही वरात कारखान्यात पोचली. मॅनेजरांनी पुष्कळ विचार केला आणि अगदी काटेकोर दाखला दिला: ‘खुर्ची मोडते की नाही हे तिच्यावर बसून पाहणे, हे यांचे काम आहे.’ तो घेऊन बैठकराव परत खिडकीशी उभे राहिले.

बाईंनी दाखला दोनदा वाचला. “बरं. बसणं हे काम, मान्य. खुर्ची मोडते का ते बघायचं. मग मोडली?”

“मोडली ना!”

“म्हणजे काम फत्ते झालं. यात अपघात कुठे आला?”

“अहो, मी पडलो!”

“अपघात म्हणजे ध्यानीमनी नसताना होतो तो,” बाई शांतपणे म्हणाल्या. “तुम्ही तर त्याचीच वाट बघत बसला होतात.”

बैठकरावांना वाटलं, आपलं डोकं या खिडकीच्या गजांवर आपटावं. पण ते ध्यानीमनी नसताना झालं असं धरता आलं नसतं, म्हणून ते मुकाट घरी आले आणि पलंगावर पालथे पडले.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. “अहो, सोपं आहे. सांगून टाका, माझं काम अगदी हलकं आहे. त्यात कधी लागेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. मग होतो की नाही अपघात?”

“अगं, परवा तिथे ओरडून आलो, कष्टाचं काम आहे म्हणून!”

“मग आता हळू आवाजात हलकं म्हणा.”

“आणि खोटं कुठे आहे, भावोजी?” दारातून मेहुणा बोलला. बायको हसली. पालथ्या माणसाला धड रागावताही येत नाही.

दुसऱ्या दिवशी बैठकरावांनी अभिमान गिळला आणि खिडकीशी सांगितलं की काम हलकं आहे. बाईंचा चेहरा पहिल्यांदाच खुलला. माणूस अखेर सरळ बोलायला लागला म्हणून त्याही मदतीला आल्या.

“किती हलकं? नीट सांगा, म्हणजे तुमची बाजू भक्कम होईल. लहान मूल करू शकेल?”

बैठकराव आपल्या चपलांकडे बघत म्हणाले, “करू शकेल.”

“कारखान्यातलं सगळ्यात हलकं काम म्हणायचं?”

“...म्हणा.”

बाईंनी सगळं लिहून घेतलं. बैठकरावांनी कागद भिंतीला टेकवून उभ्यानेच सही केली. सही करताना आपण आपल्याच नोकरीवर चिखल उडवतोय असं त्यांना वाटत होतं, पण माकडहाड ठणकत होतं आणि ठणक्यापुढे माणसाचं काही चालत नाही.

अर्ज मंजूर झाला! मॅनेजरांनी बैठकरावांना केबिनमध्ये बोलावून हुकूम मोठ्याने वाचून दाखवला. अपघात कामावरच झाला, हे मान्य. कामगार तीन महिने जड काम करू शकत नाही, हेही मान्य. “सबब,” मॅनेजर आवाज खणखणीत करत म्हणाले, “या मुदतीत त्यास पूर्ण पगारावर कारखान्यातील सर्वांत हलके काम देण्यात यावे. असे काम उपलब्ध नसल्यासच रजा.” मग त्यांनी हुकुमाला जोडलेला दुसरा कागद काढला. “आणि सर्वांत हलकं काम कोणतं, ते तुम्हीच सांगितलंय. लहान मूलसुद्धा करू शकेल असं. सही तुमचीच ना?”

“साहेब, डॉक्टर म्हणालेत, बसायचं नाही!”

“माझा नाइलाज आहे हो. हुकूम आहे. सोमवारपासून या.”

सोमवारी बैठकराव कामावर गेले. पहिल्या खुर्चीवर देवाचं नाव घेत टेकले आणि डोळ्यांतून पाणी काढत उठले. तपासणीच्या कागदावर ‘बसल्यावर कसे वाटते?’ असं विचारलेलं असतं. तिथे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘असह्य’. शिक्का मारला नाही. दुसऱ्या खेपेची खुर्ची आली. ‘मरणप्राय.’ तिसरीला ‘शत्रूलाही देऊ नये.’ दुपारपर्यंत गोदाम तुडुंब भरलं, दारात ट्रक रिकामे उभे राहिले आणि गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले.

मॅनेजर धावत आले. “अहो, याच नमुन्याला मागच्या वेळी तुम्ही ‘लोण्यासारखी’ म्हणाला होतात!”

“तेव्हा तशी वाटली होती, साहेब. आता नाही वाटत.”

“मारा हो एक शिक्का! कोण बघतंय?”

“जे वाटतं तेच लिहायचं, ही आपल्याच कारखान्याची शिस्त आहे,” बैठकराव नम्रपणे म्हणाले. आयुष्यात प्रथमच त्यांना आपली नोकरी आवडू लागली होती.

मॅनेजर हात चोळत गोदामाकडे गेले. तिथे शिक्क्याचा माल नाही म्हणून मेहुणा रिकामा टेकला होता. लहान मूलसुद्धा करील असं काम, मग हा का नाही करणार? त्यांनी त्याला तपासणीला बसवलं. मेहुणा फुशारकीने आला, भावोजींकडे बघून त्याने डोळा मारला आणि दणकन बसला. रेलला, झुकला, फिरला, उठला, पुन्हा बसला. पहिली खुर्ची हसत झाली, दुसरी गप्प राहून झाली. मग कपाळाला घाम फुटला. तिसऱ्या खुर्चीवरच्या गिरक्यांनी त्याचे डोळे पांढरे झाले. “भावोजी, धरा मला, सगळं गरगरतंय,” असं म्हणत तो कंबर धरून गोदामाच्या दारात आडवा झाला. शिक्का हातातच राहिला.

आता मात्र मॅनेजरांनी फोन उचलून भरपाई कार्यालय लावलं. बैठकराव समोर उभे राहून ऐकत होते.

“नाही हो बाई, कसलं हलकं! कोणी लिहून दिलं? ...अहो, त्यांनी दिलं असेल, बिचारा विनयशील माणूस आहे तो! इथे एक धडधाकट हमाल तासाभरात आडवा झालाय माझा. हलकं काम उपलब्ध नाही, असंच लिहून देतो, पण यांना आजच्या आज रजा लावा! ...काय? अहो, दिवसभर बसणं म्हणजे काय खायचं काम आहे का?”

बैठकरावांनी हळूच खिशातून मोबाईल काढला, बायकोचा नंबर लावला आणि फोन मॅनेजरांच्या तोंडापुढे धरला.

“साहेब,” ते म्हणाले, “हे शेवटचं वाक्य जरा पुन्हा म्हणता का?”